सोपो

आमच्या लाइनीत चौदा दुकानं आणि चौदा दुकानांचा मिळून एक वॉट्सॅप ग्रुप. ग्रुपवर काय असतं तर सकाळी गुड मॉर्निंगचे गुलाब, दुपारी 'लाइट गेली काय रे तुमची पण', संध्याकाळी कुणीतरी शटरसमोर गाडी आडवी लावलेली असते तिचा फोटो. गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधी रात्री ९.४० ला त्या ग्रुपवर एक व्हॉइस नोट आली. एकोणीस सेकंदांची. फुगेवाल्याकडे ती पिंगट केसांची पोरगी आहे ना, ती त्याची दिसत नाय मरे, पोरं पळवणारे फिरतात म्हणून ऐकलंय, सगळ्यांनी लक्ष ठेवा. मी जेवत होतो, उजवा हात बांगड्याच्या हुमणात, डाव्या हाताने ऐकली आणि डाव्याच हाताने अंगठा दाबला. माझ्याआधी पाच अंगठे होते, माझा सहावा.

आता गंमत बघा. ती पोरगी त्याचीच आहे हे त्या चौदा दुकानदारांत सगळ्यात चांगलं मला ठाऊक. चौदा महिन्यांपूर्वी ती सरकारी इस्पितळात झाली तेव्हा डिस्चार्जचा कागद झेरॉक्स करायला बाप माझ्याकडेच आला होता, मीच तो लॅमिनेट करून दिला, वर पन्नास रुपये हातावर ठेवले आणि दोन दिवस स्वतःवर खूश होतो. केस पिंगट का, तर उन्हात राहून आणि तेल न लागून, दुसरं काय. एक ओळ टाइप करायची होती, 'ती त्याचीच आहे, मला माहीत आहे'. मोजून सहा शब्द. पण नोट टाकणारे गृहस्थ लाइनीतले सगळ्यात जुने, माझ्या दुकानाचा पाण्याचा नळ त्यांच्या मीटरवर, आणि खरं सांगायचं तर मला वाटलंच नाही की यातून काही होईल. ग्रुपवर रोज काहीतरी येतंच की.

रात्री एकच्या सुमारास पोरं आली.

थांबा, आधी हे लोक कोण ते सांगतो, नाहीतर 'फुगेवाला' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर नुसते फुगेच येतील. नवरा, बायको, तीन पोरं. सांगोल्याकडचे. तीन वर्षं आमच्या लाइनीसमोर धंदा करतायत, म्हणजे पावसाळ्यात गावी जातात, चवथीच्या सुमारास येतात आणि मग जत्रा, फेस्त, कालो करत मे महिन्यापर्यंत इकडेच. गोव्यातले आपले सगळे सण हे लोक हातगाडीवर घेऊन फिरतात. दिवाळीला आकाशकंदील, डिसेंबरात सांताच्या टोप्या, शिगम्याला पिचकाऱ्या, आणि बाकी सगळे दिवस फुगे. दिवसा ते रीतसर सोपो भरतात. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगायला हवं, बाजारात बसून विकायचं तर पालिकेला रोजची जी फी द्यावी लागते तिला आमच्याकडे सोपो म्हणतात. पातळ कागदाची पावती मिळते, शाई दोन महिन्यांत उडते. आणि कोकणीत सोपो म्हणजे घराच्या पुढची पडवीसुद्धा, बसायचा ओटा, आल्या-गेल्याने टेकायची जागा. एकच शब्द. मी चाळीस वर्षं दोन्ही अर्थांनी वापरतोय, पण दोन्ही एकत्र कधी मनात आले नव्हते.

तर दिवसा सोपोची पावती, म्हणजे माणूस कायदेशीर. रात्री नऊला शटरं पडली की तोच माणूस त्याच जागेपासून आठ फूट मागे आमच्या दुकानांच्या वऱ्हांड्यावर वाकळ पसरतो आणि बेकायदेशीर होतो. बायको तीन धोंड्यांवर भात शिजवायची, कुठे तर मागच्या बोळात, सकाळी जागा झाडून काळं पुसूनसुद्धा टाकायची. आमच्यातल्या एकाने तरी तिला त्यावरून झापलं होतं. दुसरा एक रोज रात्री घरी जाताना मुद्दाम बादलीभर पाणी वऱ्हांड्यावर ओतायचा, फरशी धुतो म्हणून, म्हणजे दहा-अकरापर्यंत ती ओलीच. मे महिन्यात ठीक, डिसेंबरात पोरं ओल्या फरशीवर पुठ्ठे टाकून झोपायची. ते पुठ्ठे माझ्या दुकानातले, ए-फोर कागदाच्या खोक्यांचे. थोरली नऊ वर्षांची, माझ्या बोर्डावर अक्षरं शिकली, झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल, हे तिला वाचता येतं. 'शाळा' हा शब्द लिहून दाखवला तर अडखळते कारण तो माझ्या बोर्डावर नाही. एका बाजूने कोरे असलेले वाया गेलेले कागद मागायची. मी द्यायचो. ही माझी समाजसेवा.

त्या रात्रीचं मी बघितलेलं नाही, जे सांगतोय ते त्या बाईने सांगितलं ते आणि एटीएमच्या वॉचमनने नंतर कुजबुजत सांगितलं ते. समोरच्या चौकात नरकासुर, म्हणजे दिवाळीला जाळायचा पुतळा, उभा होत होता. अजून डोकं बसलं नव्हतं, नुसता सांगाडा, काथ्या, गवत आणि रिपा. पोरं रात्र-रात्र जागतात, स्पीकर, बियर, सगळं असतं, आम्हीही केलंय. व्हॉइस नोट एकोणीस सेकंदांचीच पण चार तासांत कुठून कुठे गेली कुणास ठाऊक, चौकातल्या पोरांकडे पोचली तेव्हा 'लक्ष ठेवा' गळून पडलं होतं आणि 'पकडलाय' झालं होतं. त्या सांगाड्याच्याच रिपा काढून घेऊन ते आले. (प्रतीक-बितीक काढू नका यातून. हाताशी होत्या म्हणून घेतल्या.)

आधी विचारलं म्हणे, ही कुणाची पोर. तो झोपेतून उठलेला, म्हणाला माझी. कागद दाखव. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी वाकळेखाली, तो वाकला आणि वाकलेल्या माणसाच्या पाठीत पहिली रीप बसली. डावा हात कोपराच्या खाली मोडला. बायको धाकटीवर पालथी पडली, तिच्या पाठीवर तीन वळ, मी नाही बघितले, माझ्या बायकोने बघितले. मधला पोरगा लांब पळाला तो पहाटे मासळी मार्केटच्या मागे सापडला. अंथरूण गटारात. आणि दुसऱ्या दिवशीसाठी फुगवून काठीला बांधून ठेवलेले पन्नासेक फुगे, ते एकामागून एक फुटले.

वरच्या मजल्यांवर माणसं राहतात, सहा कुटुंबं. सगळ्यांनी आवाज ऐकला. सगळ्यांनी मला एकच सांगितलं, आम्हाला वाटलं पोरांनी फटाके सुरू केले. मी विश्वास ठेवतो, खरंच ठेवतो, फुग्याचा आवाज तसाच येतो. पण पहिले चार-पाच फुटले तेव्हा फटाके वाटले असतील, मग बाई ओरडली तेव्हा? त्यावर एका काकूंनी खिडकीकडे बघत म्हटलं, भितर लायट लायली आनी तेच आमगेर आयले जाल्यार? (आत लाइट लावली आणि तेच आमच्या घरी आले तर?) तेही खरंच.

माझी आजी एक गोष्ट सांगायची. आम्ही पेडण्याकडचे, आजोबा मुंडकार. आता तरुण पोरांना हा शब्दसुद्धा समजावून सांगावा लागतो. भाटकाराच्या भाटात घर बांधून राहायचं, जमीन त्याची, घर म्हटलं तर आपलं म्हटलं तर त्याचं, बदल्यात नारळ राखायचे, बोलावलं की कामाला जायचं. मातीच्या भिंती चालतील पण चिऱ्याची भिंत घालायची तर विचारायला जायचं, आणि उत्तर नाही. छप्पर चुडतांचं, म्हणजे माडाच्या झावळ्यांचं. एकदा भाटकाराकडच्या कुठल्याशा कामाला आजोबा गेले नाहीत, ताप होता, तर रात्री त्याची माणसं आली आणि छपरावरची चुडतां ओढून घेऊन गेली. पावसाचे दिवस. आजी माझ्या बाबांना पदराखाली घेऊन फणसाखाली बसली. एवढी गोष्ट. पण आजी ती भाटकाराची म्हणून कधीच सांगायची नाही. ती सांगायची की त्या रात्री आजूबाजूला सात घरं होती आणि सातही घरांतले दिवे एकेक करून मालवले गेले. भाटकाराचं नावसुद्धा ती विसरली म्हातारपणी, सात घरांची नावं शेवटपर्यंत पाठ होती.

१९७५ मध्ये मुंडकार कायदा आला. मामलेदाराच्या हुकमाशिवाय मुंडकाराला घराबाहेर काढता येत नाही, आणि घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्क. सगळं काही छान झालं असं नाही, मामलेदारांकडे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मुंडकारांच्या फाइली गोव्यात कुणालाही विचारा. पण आमचं झालं. आज जे माझं घर आहे, चिऱ्याचं, स्लॅबचं, ते त्याच जागेवर. म्हणजे हिशेब केला तर आमच्या घराला भिंत मिळून पन्नास वर्षंसुद्धा धड झाली नाहीत, आणि मी ग्रुपवर 'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द वाचतो तेव्हा मला आत काही टोचत नाही. टोचायला हवं होतं.

सकाळी साडेसातला दुकान उघडायला गेलो तर हे सगळं समोर. पदेराने, म्हणजे पाववाल्याने, पोरांना उंडे दिले होते, ते तसेच हातात. गाड्यावरच्या मावशीने चहा. १०८ रात्रीच येऊन नवऱ्याला घेऊन गेली होती, फोन केला होता त्या वॉचमनने, आणि तो मला दहा वेळा सांगत होता की माझं नाव कुठे सांगू नका, मीही बाहेरचाच आहे. बायको इस्पितळातून परत आली होती कारण सामान आणि थोरली इथे. मी म्हटलं, चल, पोलिसांत जाऊ. मी तिला नेहमी 'चल'च म्हणायचो, तीन वर्षं अरे-तुरे आणि अगं-तुगं, आणि ती मला ओ मालक. नवरा फोनवर तिला सांगत होता, नको, गावाकडं जाऊ. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "जायचंच हाय, पर लिवून जायचं."

चौकीत लिहून घेणारा माणूस वाईट नव्हता. रात्रभर ड्यूटी करून डोळे लाल. त्याने लिहिलं 'चार-पाच अनोळखी इसम'. ही म्हणाली, पाच. तो म्हणाला, अंधारात कसं कळलं, तू तर पालथी पडली होतीस. ती म्हणाली, "म्हनूनच. त्वांड दिसलं न्हाय, पाय दिसले. धा पाय मोजले म्या. एकाच्या पायात तांबडं बूट, एक अनवानी." मी मान खाली घातली. मार खाताना माणूस पाय मोजतो, कशासाठी? तर तिने नंतर बाहेर बाकावर बसल्यावर सांगितलं. आमच्याकडची पाच माणसं अशीच गेली, तिकडं धुळ्याला, तवापास्नं आमी मोजतो.

१ जुलै २०१८, राईनपाडा, साक्री तालुका, धुळे जिल्हा. तुम्ही पेपरात वाचलं असेल आणि विसरलाही असाल, मी विसरलो होतो. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली, भिक्षा मागत फिरणारी. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते, एका लहान मुलीशी बोलताना कुणीतरी बघितलं, तेवढं पुरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच जणांना मारून टाकलं. ग्रामपंचायतीत! नंतर त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने झुंडबळीवर निकाल दिला, १७ जुलैला, प्रत्येक जिल्ह्यात एक अधिकारी नेमा वगैरे. वॉट्सॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं. हे मला आठवत होतं, कारण तेव्हा ग्रुपवर सगळे कुरकुरले होते, लग्नाच्या पत्रिका पाठवायला त्रास होतो म्हणून. मंगळवेढा आणि सांगोला शेजारी-शेजारी. आपल्यासाठी ती बातमी, तिच्यासाठी पलीकडच्या तालुक्यातली माणसं.

आणि हा पाचचा आकडा पुढे कुठे लागला बघा. आमच्या दुकानावर वकील लोकांची ये-जा भरपूर, झेरॉक्सचा धंदाच कोर्टावर. एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जुलै २०२४ पासून जी नवीन न्यायसंहिता आली तिच्यात असं आहे की पाच किंवा जास्त जणांनी मिळून कुणाला जात, भाषा, जन्मठिकाण अशा कारणावरून जबर दुखापत केली तर सगळ्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, कलम ११७, पोटकलम ४. हाड मोडलं म्हणजे जबर दुखापत. चार असले तर हे कलम नाही. म्हणजे त्या बाईचे दहा पाय म्हणजे किती मोठी गोष्ट होती, आणि तो हवालदार 'चार-पाच' लिहून मोकळा होत होता, वाईट हेतूने नाही, सवयीने.

मग मी शहाणपणा करायला गेलो, म्हटलं मॅडम, रात्री घरात घुसून मारलं तर वेगळं कलम लागतं ना? त्या हसल्या. घर कुठे आहे? कायद्यात घर म्हणजे माणूस राहतो ती इमारत, तंबू किंवा जहाज. तंबूसुद्धा चालतो. मी म्हटलं, मग ताडपत्री बांधली असती तर? तर कदाचित घर झालं असतं, त्या म्हणाल्या, पण ताडपत्री बांधली असती तर तुम्हीच दुसऱ्या दिवशी अतिक्रमण म्हणून तक्रार केली असती. आणि पाच रुपये सुटे काढून ठेवून गेल्या. मी बराच वेळ मशीनचं झाकण उघडं ठेवून उभा.

चौकीत राहण्याचा पुरावा मागितला होता. तिने पिशवीतून काय काढलं तर सोपोच्या पावत्या, तीन वर्षांच्या, रबरबँड लावून. ही आमची जागा म्हणाली, रोजचं पैसं भरलेत. त्या मी झेरॉक्स केल्या, काचेवर एका वेळी नऊ मावतात, पातळ कागद चिकटतो, फुंकर मारली तर उडतो. जुन्या पावत्यांवर शाई जवळजवळ गेलेली, डार्क वाढवत वाढवत नेलं तेव्हा कुठे तारीख दिसली. आधार कार्ड आहे तिच्याकडे, पण त्यावर सांगोल्याचा पत्ता. मग गोव्यातला पत्ता म्हणून मी माझ्या दुकानाचा दिला. द्वारा अमुक अमुक. तिने तेव्हा पहिल्यांदा माझं आडनाव विचारलं.

आता समाजाने काय केलं ते. म्हणजे आम्हीच.

ग्रुपवर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शांतता, गुलाबसुद्धा नाही. मग एकाने लिहिलं, झालं ते वाईट झालं पण यांना इथे झोपायला सांगितलं कुणी. हा 'पण' इतका घट्ट असतो ना. मग दुसरा, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. तिसरा, टुरिस्ट सीझन तोंडावर आहे, गोंयची बदनामी. एकाने लिहिलं, भिकाऱ्यांना उचलायचा कायदा आहे, तो वापरा. मी म्हटलं भीक मागत नाही तो, विकतो. तर म्हणे तेच, विकायचं नाटक. आणि यात तो अगदीच चुकत नव्हता, १९५९ च्या मुंबईच्या भीक प्रतिबंध कायद्यात गाणं, नाच, वस्तू विकायला पुढे करणं अशा निमित्ताने हात पसरला तर तेही भीक मागण्यातच धरलंय. हाच कायदा दिल्लीला लावलेला होता, २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. पण वकिलाने वाचायचा कायदा वेगळा आणि ग्रुपवरचा वेगळा. व्हॉइस नोट टाकणाऱ्यांनी ती नोट 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून टाकली, पण तोवर ती कुठल्या कुठे पोचली होती. मग 'मी फक्त काळजी म्हणून टाकली' असं मोठं लिहिलं. त्याला नऊ नमस्कार आले.

एक पोर्टलवाला मोबाईल घेऊन आला आणि थोरलीच्या तोंडासमोर माईक धरून 'कैसा लगा तुम को'. ती म्हणाली, फुगे गेले. एक मंडळ आलं, बॅनर आणलेलं, लोकरीची घोंगडी वाटून फोटो काढून गेलं. ऑक्टोबरात गोव्यात लोकरीचं घोंगडं! धाकटीला त्यावर झोपवली तर अंगभर पुरळ. अर्थात मी कुठल्या तोंडाने बोलू, मी पुठ्ठेवाला.

आणि भाषेचं एक राहिलं. आमच्यासारख्या घरात मराठी म्हणजे काय तर पेपर मराठी, भजन मराठी, नाटक मराठी, देवळातलं कीर्तन मराठी, मी हे लिहितोय तेही मराठी. घरात कोकणी, पण कागदावर आणि देवासमोर मराठी. म्हणजे ही आमची भारदस्त भाषा. तीच भाषा ती बाई वऱ्हांड्यावर बोलते तर 'घाटी'. चवथीला आम्ही आरत्या म्हणताना ही पोरं बाहेर उभी राहून शब्द न चुकता बरोबर म्हणतात, माझ्या पोरापेक्षा चांगल्या, त्याला मोबाईल बघून लागतात. गेल्या साली मी त्याला त्यावरून बोललो सुद्धा, बघ त्या घाट्यांच्या पोरांना येतात. मीच बोललो. हे लिहिताना आठवलं.

माझी बहीण मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका, २०११ च्या जनगणनेत तिला २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजायला पाठवलं होतं, टॉर्च आणि फॉर्म घेऊन. देशभर ती मोजणी त्याच एका रात्री होते, बसस्टँड, पुलाखाली, देवळाच्या पायऱ्या. सगळे मिळून १७ लाख ७३ हजारांच्या आसपास भरले. ती सांगते, निम्मी माणसं टॉर्च बघताच सामान उचलून चालायलाच लागायची. बाई, मोजायचंय फक्त, हाकलायचं नाही, हे पटवेपर्यंत रात्र संपायची. म्हणजे आकडा धरायचा तर पळालेले सोडून. आणि शहरातल्या बेघरांसाठी केंद्राची निवाऱ्याची योजना आली होती, २०१३ ची, एक लाख वस्तीमागे शंभर माणसांची सोय असा हिशेब, माणशी पन्नास चौरस फूट. आता गोव्यात २०११ ला एकही नगरपालिका एक लाखाच्या वर नव्हती, सगळ्यात मोठी मुरगाव, तीही ९४ हजारांच्या घरात. नियमाच्या गणितात आम्ही बसतच नाही, छोटं आणि सुखी राज्य.

पाचांतले दोघे कॅमेऱ्यात सापडले. त्यातल्या एकाचे बारावीचे मार्कशीट मी तीन महिन्यांपूर्वी झेरॉक्स केले होते, सहा कॉपी. बोलायला अगदी साधा, अंकल थँक्यू म्हणून गेला होता. तांबडे बूट त्याचेच. त्याची आई दुकानात आली, रडली, पोराचं करिअर आहे हो. मी म्हटलं, त्याच्या हाताचंही करिअरच होतं, फुगे बांधायला दोन हात लागतात. बोलून गेलो पण बरं वाटलं नाही, ती बाई उभी थरथरत होती. वीस हजार देतो, मिटवा असा निरोप तिच्याकडून कुणीतरी फुगेवाल्याला पोचवला. घेतले की नाही मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही, आणि घेतले असतील तर त्याला नावं ठेवायची माझी ऐपत नाही. प्लास्टर आणि औषधांसाठी ग्रुपवर वर्गणी काढली होती ती चौदा दुकानांची मिळून तेवीसशे रुपये झाली.

मग ग्रिलचं निघालं. वऱ्हांड्याला दोन्ही टोकांना लोखंडी ग्रिल, रात्री कुलूप, प्रत्येक दुकानदाराला एक चावी. दुकानामागे साडेतीन हजार. दोन दिवसांत पैसे जमले, नऊ दिवसांत ग्रिल लागली, हिरवा रंगसुद्धा दिला. चौदा लोकांचं एवढ्या झटपट एकमत मी कधी बघितलं नाही, संडासची पाइप फुटली होती तेव्हा सात महिने लागले होते. मीही दिले. नाही म्हणू शकलो असतो. चावी गल्ल्यात आहे.

ते लोक दिवाळीच्या आदल्या दिवशी गेले. ज्या रात्री सगळीकडे नरकासुर जळतात त्या दिवशी दुपारच्या बसने. थोरलीने जाताना कोरे कागद मागितले. सोपोच्या पावत्यांचा गठ्ठा तिची आई माझ्याकडे ठेवून गेली, म्हणाली गावाकडं उंदीर हायत.

आता मागच्या आठवड्यात दुकानाच्या पत्त्यावर कागद आला. द्वारा मी. तिचा जबाब आहे कोर्टात, सकाळी दहाला हजर. फोन लावला तर थोरलीने उचलला, मागे कसलीतरी जत्रा वाजत होती. आई फुगं भरतीया म्हणाली. तारीख सांगितली, तिने लिहून घेतली, मला परत वाचून दाखवली, बरोबर होती. मग आईने फोन घेतला. येते म्हणाली. नवऱ्याचा हात वर जात नाही पुरता, पण येते. सांगोल्याहून गाडी रातचीच पोचते म्हणाली, आदल्या दिवशी.

"दादा, ते गेट लागलं का?"

मालकचं दादा कधी झालं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. लागलं, म्हटलं.

"मग त्या राती आमी निजायचं कुठं?"

दुकानापासून माझं घर अकरा किलोमीटर. पुढे सोपो आहे, चांगला दहा बाय सहाचा, वर स्लॅब, रात्री लाइट असते. या, मी आणायला येतो, म्हटलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.